बाबांचे वीस शब्द

सोमवार, ३ मार्च

माझी लाल पेन्सिल चोरीला जाते आहे. एकदम नव्हे, रोज थोडी थोडी! शुक्रवारी वीतभर होती, आज चार बोटं उरली. कचेरीत सगळे पडद्यावर बातम्या तपासतात. मी एकटा अजून कागदावर छापून लाल पेन्सिलीनं वाचतो. पण आठवडाभरात दोन बातम्या वाचल्या, त्यांत मोजून सहा खुणा. सहा खुणांनी पेन्सिल अर्धी होत नाही. आधी धूर, मग अग्नी— अनुमानप्रमाण बाबांनीच शिकवलंय.

घरात तीनच माणसं. मी, बायको आणि बाबा. बायकोला विचारलं. "पेन्सिलीचं काय घेऊन बसलात," म्हणाली आणि दुधाची गोष्ट काढली. साक्षीदार विषय बदलतो तेव्हा त्याच्याकडे नीट पाहावं, एवढं तीस वर्षांच्या वार्ताहरकीत कळलंय.

बुधवार, ५ मार्च

पेन्सिल आता अख्खीच गायब आहे. पण ती राहिली बाजूला, मोठं प्रकरण हाती लागलं.

बाबा चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवत होते. आता एकोणऐंशी. रोज दाढी करताना शब्दरूपं म्हणायची, हा त्यांचा नेम. माझं लहानपण त्या गजरावर जागं झालंय. इंग्रजीशी त्यांचं उभ्या जन्माचं वाकडं. "जी भाषा लिहिते एक आणि बोलते एक, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" म्हणायचे. मला इंग्रजीत कसेबसे काठावरचे गुण मिळाले, त्याचंही त्यांना फारसं वाईट वाटलं नव्हतं.

आज सकाळी न्हाणीघराच्या दारातून ऐकू आलं, "हॅबिटॅट. मायग्रेशन. ग्लेशियर. वॉलरस."

मी दार वाजवलं. आत शांतता. मग घाईघाईनं, "देवः, देवौ..."

मला फसवायला निघालेत! एक वार्ताहर घरात असताना!

शुक्रवार, ७ मार्च

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीकडे गेलो. स्वतःचं काम असल्याचा बहाणा करून एक कोरा कागद झेरॉक्सला दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण दिली प्रत काढून.

मग सहज चौकशी. बाबा दर शनिवारी येतात म्हणे. मुलांचं इंग्रजी वाचनाचं पुस्तक घेऊन, वाचनालयातलं. प्राणी आणि बदलतं हवामान. बर्फ वितळलं की अस्वलांनी कुठं जायचं, तळं आटलं की पक्ष्यांनी कुठं उतरायचं, आणि खाली वीस शब्द. "पान तेच. प्रती दहा," ती म्हणाली. "मी म्हटलं, आजोबा, पुढचं पान घ्या की. तर म्हणाले, आधी हे होऊ दे." शिवाय गेल्या आठवड्यात फोटोही काढून घेतले. छोटे, चार.

चार फोटो! कशाला लागतात चार फोटो? मी हसत हसत म्हटलं, "काय, आमचे वडील परदेशी निघाले की काय?" तीही हसली.

हसण्यावारी नेलं खरं. घरी येईपर्यंत माझं हसू संपलं होतं.

रविवार, ९ मार्च

आता सगळं जुळतंय. धाकटा भाऊ अकरा वर्षं तिकडे परदेशात आहे. त्याची मुलगी आठ वर्षांची, तिला मराठी कळतं पण बोलते इंग्रजी. आज बाबांचा तिच्याशी पाऊण तास फोन, दार लावून. मी व्हरांड्यात झाडांना पाणी घातलं. एका कुंडीला तीनदा.

ती खिदळत होती. आजोबा दर रविवारी तेच विचारतात, असं काहीतरी म्हणत होती. वॉलरस कसा म्हणायचा ते. बाबाही हसत होते.

बहाणा चांगला शोधलाय. वॉलरसच्या नावाखाली नातीशी जवळीक. म्हणजे आधी भाषा, मग फोटो, मग विमान.

बोलावलं असेल धाकट्यानं. बोलावू दे! पण मला कुणी सांगायचं? मी काय भाडेकरू आहे?

मंगळवार, ११ मार्च

बाबांनी आज मला "धाकट्या" म्हणून हाक मारली. मन पोचलं तिकडे. देह तेवढा इथे चहाला थांबलाय.

शनिवार, १५ मार्च

आमच्या धंद्यात एक नियम. दोन स्वतंत्र तोंडांतून आल्याशिवाय बातमी ही बातमी नाही. संपादकांनी पहिल्या दिवशी सांगितला, मी नव्या पोरांना सांगतो. वाकड्या नजरेनं ऐकतात, पण सांगतो.

आज केस कापायला बसलो तर न्हावी आपणहून म्हणाला, "काय साहेब, आजोबा चालले म्हणे परदेशी? मजा आहे." वस्तरा मानेवर होता म्हणून मी हललो नाही. संध्याकाळी झेरॉक्सवालीनं दुकानातूनच विचारलं, आजोबा कधी निघतायत म्हणून.

दोन तोंडं. बातमी पक्की.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "असं कोण म्हणालं?" मी म्हटलं, सूत्रं उघड करता येत नाहीत. ती पुन्हा निवडू लागली, निवडलेलीच भाजी.

तीही सामील आहे.

रविवार, १६ मार्च

सकाळच्या चहाला बाबांना टोमणा मारला. म्हटलं, "बाबा, तिकडे थंडी फार म्हणतात. वॉलरसलाच सोसते."

बाबांनी कप खाली ठेवला. मग अगदी निरागसपणे विचारलं, "वॉलरस म्हणजे?"

मी हसलो. खोखो हसलो! काय तो अभिनय. शाळेत नाहक आयुष्य घालवलं, नाटकात जायला हवं होतं. तसं बोलूनही दाखवलं. बाबाही थोडे हसले, माझं पाहून. बायको उठून आत गेली.

मंगळवार, १८ मार्च

धाकट्याला फोन केला. आधी ख्यालीखुशाली, मग सरळ विचारलं, बाबांना नेतोयस तर मला का नाही सांगितलंस. तो गोंधळला. मग चिडला. "दादा, मी कशाला नेऊ? मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा नाही म्हणाले. म्हणाले, थोरला आहे तिथेच बरं." थांबला आणि म्हणाला, "तुला सांगितलं कुणी हे?"

मी म्हटलं, दोन ठिकाणांहून खात्री केलीय.

फोन ठेवला आणि खात्रीची खात्री करायला निघालो. न्हाव्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाला, झेरॉक्सवालीनं. तिच्याकडे गेलो. तुला? ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "तुम्हीच तर म्हणालात त्या दिवशी! वडील परदेशी निघाले म्हणून."

दोन तोंडांचा उगम एकच. माझं तोंड.

तीस वर्षांत अशी बातमी मी कुणाची छापू दिली नसती. या चुकीसाठी गेल्या वर्षी एका नव्या पोराला पंधरा मिनिटं झापलं होतं. उद्या त्याला चहा पाजावा.

गुरुवार, २० मार्च

पाजला. त्याला कारण कळलं नाही. त्यालाही संशय आला असावा.

पण फोटो? आणि ते वीस शब्द? परदेश नाही, तर मग कशासाठी? बायकोला विचारायचं धाडस होत नाही. तिनं उत्तर दिलं तर?

सोमवार, २४ मार्च

पेन्सिल सापडली. अंगठ्याएवढी.

बाबा फिरायला गेले होते. मी त्यांच्या खोलीत गेलो. झडतीच म्हणायची, उगाच गोड नाव कशाला द्या. टेबलाच्या खणात जुनी खाकी फाईल, वर पेन्सिल आणि पातं.

फाईलीत ते पान. तेच पान, कितीतरी प्रती. बहुतेक सरावाच्या, पण दर सोमवारची एक वेगळी लावलेली, वर तारीख आणि ठळक अक्षरात "परीक्षा". डावीकडे वीस इंग्रजी शब्द, उजवीकडे बाबांच्या वळणदार अक्षरात मराठी अर्थ. लाल पेन्सिलीच्या बरोबर-चूक खुणा. स्वतःचा पेपर स्वतः तपासलेला, आणि तपासलेला म्हणजे बाबांसारखा, दयामाया न दाखवता. एकदा "पोलर बेअर" पुढे "हिमऋक्ष" लिहिलंय आणि स्वतःलाच शून्य देऊन बाजूला शेरा: "मराठीत लिहा!"

मला हसू आलं. मग मी कागद तारखेनं लावले. सवय.

सहा जानेवारी, वीसपैकी नऊ. मग तेरा. सोळा. सतरा. अठरा. पुन्हा अठरा. इथवर मी, देवाशपथ, खूश झालो होतो.

मग सोळा. पंधरा. पंधरा. तेरा. बारा. आजचा, सकाळचाच, अकरा. वॉलरसपुढे रिकामं.

फाईलीच्या तळाशी ते चार फोटो. प्रत्येक एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवलेला. खाली बाबांचं नाव, घराचा पत्ता, आणि "हरवल्यास थोरल्या मुलास कळवावे". पुढे माझा नंबर. एक सदऱ्याच्या खिशात, एक कोटाच्या, एक पिशवीत, एक जास्तीचा— असं पाठीमागे लिहून ठेवलंय. विसरू नये म्हणून.

मंगळवार, २५ मार्च

बायकोनं सगळं सांगितलं. नोव्हेंबरात बाबा बाजारातून परत येताना रस्ता चुकले होते. मी तेव्हा दौऱ्यावर होतो, दक्षिणेतल्या महापुराच्या बातम्या करत. तीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाव सांगितलं आजाराचं. म्हणाले, रोज काहीतरी नवं शिका, आणि किती लक्षात राहतं ते बघत चला.

"मग इंग्रजीच का?" मी विचारलं.

"मीही विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, संस्कृत विसरलो तर ते मला सोसायचं नाही. इंग्रजी कधी आपलं नव्हतंच. गेलं तर घरातलं काही गेलं असं वाटणार नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती. आणि अहो, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही थट्टा केली असती. तुम्हाला दुसरं काही करताच येत नाही, असं झालं की."

खरं आहे. सोळा तारखेचा चहा आठवला. मी खोखो हसलो होतो.

गुरुवार, २७ मार्च

त्या यादीत एक शब्द आहे, एक्स्टिंक्ट. बाबांनी बाराही परीक्षांत तो बरोबर लिहिलाय— नामशेष. ज्याचं नाव तेवढं उरलं. आमच्याकडे उलटं होणार. माणूस उरेल. नाव आधी जाईल.

शनिवार, २९ मार्च

बाबांशी बोललो. रडारड नको म्हणून शास्त्राचा आधार घेतला. म्हटलं, "परीक्षक आणि परीक्षार्थी एकच, हा कुठला न्याय? सोमवारपासून पेपर मी तपासणार."

बाबांनी खण उघडला. पेन्सिल कुणी चोरली हे मला कळलंय, हेही त्यांना कळलं. मग तो अंगठ्याएवढा तुकडा माझ्या हातात ठेवला.

"गुण वाढवून द्यायचे नाहीत, थोरल्या," म्हणाले. "मी बेरीज करून बघतो. एकालाही सोडलं नाही मी कधी."

खरंच सोडलं नव्हतं. शाळेत मुख्याध्यापकांच्या मुलाचा एक गुण त्यांनी कमी केला होता, बेरीज चुकली म्हणून. मला नवी पेन्सिल आणायची आठवण झाली. दोन आणल्या.

सोमवार, ३१ मार्च

नऊ होते. मी तेरा दिले.

बाबांनी कागद हातात घेतला, तेरा वाचलं, आणि खूश होऊन फाईलीत लावून टाकला. बेरीज केली नाही.

मला भीती वाटते.