एकेचाळीस नंबरचा पुठ्ठा

नवी पेठ, सोलापूर
३ ऑगस्ट २०२५

चि. मालतीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. माझ्या हातचं काय काय आहे ते आधी वाच. जुन्या जेकार्ड मागावरून उतरवलेले दोनशे बारा पुठ्ठे, चादरीच्या नक्षीची भोकं तशीच ठेवून. ते टांगायला सागवानी घोडी एक. दोन रंगांचं सूत, मीच उकळून रंगवलेलं. आणि पुठ्ठ्यावर दोन याप्रमाणे त्या सुतानं टाचलेली चारशे चोवीस वाक्यं, वर फ्रेंच, खाली मराठी.

फ्रेंचमध्ये मुख्य भूतकाळ दोन, हे मी तुला शंभरदा सांगितलंय आणि तू शंभरदा जांभई दिलीस. घडून संपलं ते लाल सुतात. घडत होतं, घडत राहायचं, ते निळ्यात. कुठं कोणता घ्यावा, इथंच माझ्या शिकवणीची पोरं अडतात. पुस्तकातल्या कुणा पॉलनं पाव खाल्ला हे कुणाच्या लक्षात राहतंय? म्हणून माझं प्रत्येक वाक्य आपल्या घरात खरंच घडलेलं. टॉवेल कारखान्यातल्या फ्रेंच मशीनच्या माहितीपुस्तकावरून भाषा शिकलेल्या फिटरची ही पद्धत आहे, कॉलेजातली नव्हे!

आता बातमी. माझा जुना विद्यार्थी अजिंक्य पुण्यात एका फ्रेंचच्या क्लासमध्ये शिकवतो. दिवाळीत त्यानं पुठ्ठ्यांचे फोटो नेले होते, क्लासनं त्यांचं पुस्तक छापलंय! तुझी उत्कर्षा त्याच क्लासला जाते, ती आणेलच. माझं नाव आत आहे. टाइप बारीक आहे, पण आहे.

माया आहे तशी राहू दे, जांभया तेवढ्या कमी कर.
तुझा,
मुकुंददादा

बार्शी
११ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून घातलाय, मनातून नाही. फोन मी मुद्दाम बंद ठेवलाय. बोलायला लागले तर नुसती रडेन, आणि मला तर भांडायचंय.

उत्कर्षा शनिवारी आली आणि तुझ्या पुस्तकातलं एकेचाळीसचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. निळ्यात: मालती पुरणपोळ्या लाटत होती. लालात: मोडनिंबहून नकाराची चिठ्ठी आली. वर्गात म्हणे कुणाचं काही चुकलं की पोरं 'बिचारी मालती' म्हणून हसतात. तिनं विचारलं, आई, ही तूच का गं? अठ्ठावीस वर्षं मी हे मोडलेलं स्थळ सासरी कळू दिलं नाही, यांनासुद्धा नाही. आणि तू ते सुतानं टांगलंस! मला एकदा विचारायचंस तरी की.

आता तू एवढा तपशिलाचा, म्हणून तुझ्या दोन चुका सांगते. त्या दिवशी पुरणपोळ्या नव्हत्या, शेंगापोळ्या होत्या. आणि नकार त्यांचा नव्हता, माझा होता. मोडनिंबचे मला बघायला आले तेव्हा तो मुलगा हसून म्हणाला, तुमचे बंधू दहावी नापास, मशिनी पुसतात, लग्नात त्यांना चारचौघांत पुढं करू नका. तू तेव्हा बाहेर त्याच्याच मोटारसायकलची चेन बसवत होतास. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या केराबाईंच्या हाती निरोप धाडला, मी तुमच्या घरी नांदायला येणार न्हाय, पण नकार तुम्हीच कळवा. नाहीतर आपल्या आप्पांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

मी बिचारी नव्हते, दादा. उत्कर्षाला तेवढं सांगितलं. बाकीच्यांना कोण सांगणार?

लोभ आटलाय. जाईल कुठं म्हणा.
मालती

नवी पेठ, सोलापूर
१९ ऑगस्ट २०२५

चि. मालतीस,
आशीर्वादाला हात वर होईना, तरी देतोय. तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि तिसऱ्या पायरीवर बसलो तो उठवेना. खालचा कापडवाला शिवशरण पाणी घेऊन धावत आला, विचारायला लागला, घरात कोण गेलं?

अठ्ठावीस वर्षं मी मनात तुझी कीव करत आलो. आणि त्या माणसाच्या चेनला मी तेलसुद्धा घातलं होतं गं!

एकेचाळीस उतरवला. मग उरलेले सगळे वाचले. त्रेसष्ट पुठ्ठ्यांवर कुणाचं ना कुणाचं गुपित उघडं पडलेलं निघालं. माझं दहावीचं तेवढं कुठंच नव्हतं. त्रेसष्टही खाली घेतले.

सकाळच्या एसटीनं पुण्याला त्या क्लासवर गेलो. न विकलेल्या चारशे बारा प्रती होत्या. त्रेसष्ट पानं त्यांनी कापायची कबूल केली आहेत. एकेचाळीसचं पान मात्र मी स्वतः फाडलं, पट्टी लावून, सरळ रेघेत. साडेतीन तास लागले. विकलेल्या प्रती परत येणार नाहीत. वर्गात खरं काय ते सांगावंसं फार वाटलं, जीभ आवरली. सांगायचं की नाही हे तू ठरवायचं. घोडीवर एकेचाळीसच्या जागी कोरा पुठ्ठा टांगलाय. तू सांगशील ते लिहीन. नाही सांगितलंस तर कोराच राहील.

आटलेल्यातलं थोडं उरलं असेल तर माझ्यासाठी ठेव.
तुझा,
मुकुंददादा

ता. क. क्लासचे मालक म्हणाले, पोरांना मालतीच आवडते, तिच्यावरच अख्खं पुस्तक द्या, शंभर वाक्यं, सगळी खरी. मुखपृष्ठावर माझं नाव मोठ्या टाइपात, आणि नावापुढं 'प्रा.' लावून. नाही म्हणून आलो. एक लाख चाळीस हजार देत होते.