आईला केटाला नेतोय

सेनाम,

आईला घेऊन केटा गावी मयतीला चाललोय. गेलेला माणूस आपला कोण लागतो, मला धड माहीत नाही, पण काळे कपडे घातलेत. बिझनेस स्कूलची तुझी ऑनलाइन प्रवेश परीक्षा गेल्या वेळी तिच्यामुळेच रद्द झाली. तू पेपर सोडवत होतीस आणि ही खोलीत शिरून, तुझ्या डोक्यावर हात ठेवून, कॅमेऱ्यासमोरच मोठ्यांदा प्रार्थना करत बसली. आज परत पेपर आहे, घर तुझं. मक्याच्या पिठाची केंकी झाकून ठेवलीय, मासे तेवढे गरम करून घे.

प्रार्थना ती बसमध्ये करणारच आहे. मी विचारलं, "सेनाम पास झाली तर दोन वर्षं परदेशी जाईल, कळतंय ना?" तर म्हणाली, "तुला कळतंय ना?"

कळतंय. आमेन जरा हळू म्हणेन, पण म्हणेन.

तुझा भाऊ,
एडेम