बाबांची तिवई आणि नागपूरचं हेड

सिंदी मेघे, वर्धा
३ एप्रिल २०२५

ती. लीलाताईस,
धाकट्या अश्वजितचा सप्रेम जयभीम. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी मी काय केलं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर प्रेरणा तिखटमीठ लावून सांगेल. उजाडताना वंदना घेतली, थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देत बसलो आणि रोशनीचा कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो. पोरीने पुण्यात नवा घेतला, जुना बापाला दिला. स्टुलावर तुरीच्या डाळीचा डबा, डब्यावर दोन विटा, विटांवर कॅमेरा. टायमर लावून धावत जायचं आणि बायकोशेजारी उभं राहायचं, असा बेत होता. धावताना पाय स्टुलाला लागला. फोटोत प्रेरणाचा अर्धा चेहरा, माझी पाठ आणि बाकी सगळं आभाळ आलं. रात्रीची गादी तिथेच होती, तिच्यावर पडला म्हणून कॅमेरा वाचला. डाळ मात्र गच्चीभर झाली. आम्ही दोघं ती वेचत बसलो, आणि प्रेरणा म्हणाली की लग्नानंतर नवरा इतका वेळ शेजारी बसल्याचं तिला आठवत नाही.

हे सारं मायसाठी चाललंय. मागच्या वैशाख पौर्णिमेला विहारासमोर दिवे लावल्यावर आपण फोटो काढले. मी काढले त्यांत मी नव्हतो, आणि बंडूभाऊजींनी काढला त्यात मायचं डोकं नव्हतं. तेव्हापासून ती म्हणते की पाहणाऱ्याला वाटेल, तानाबाईला लेक झालाच नाही. यंदा तिने अट घातली आहे: मी दिसणार असेन तरच ती बसणार. बाबांचा आपल्याजवळ मतदार कार्डावरचा तेवढा फोटो आहे. मायचाही तसाच एक राहू नये, एवढंच मला वाटतं.

अडचण उजेडाची आहे. दिव्यांच्या उजेडात कॅमेऱ्याचा डोळा अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात हात हलला नाही तरी श्वास हलतो आणि फोटोत दिसतो. म्हणून तीन पायांचा ट्रायपॉड हवा. रोशनी सांगते की पाय वेगळे आणि हेड वेगळं. हेड म्हणजे वरचा सांधा, ज्यावर कॅमेरा वाकवून घट्ट करतात. दोन्ही चांगली घ्यायची तर प्रेरणाने मंजूर केलेल्या तीन हजारांत बसत नाहीत. तुझं काय मत?

तुला फोनवर ऐकू येत नाही याचं वाईट वाटतं, पण त्यामुळे तुझी पत्रं येतात. मायला वंदन. माझ्यावरची माया डाळीसारखी सांडू देऊ नको.

तुझा,
अश्वजित


कवडापूर, ता. हिंगणघाट
९ एप्रिल २०२५

चि. अश्वजितले,
लीलाताईचा जयभीम अन् आशीर्वाद.

तुह्यं पत्र मी मायले वाचून दाखवलं. डाळीपाशी आली तं माय इतकी हासली का तिले ठसका लागला. मंग म्हणते, सुनेनं चांगली डाळ वाया घालवू दिली कशी. म्हणजे चूक तुही अन् बोलणे प्रेरणाले. सासू ते सासूच राह्यते.

तीन पायाच्या वस्तूसाठी तू नागपूरले काऊन जाऊन राह्यला? आपल्या ढोरायच्या कोठ्यात बाबाची तिवई पडली आहे ना. तिच्यावर उभे राहून बाबा जवारी उफणे, मी खालून टोपले देत जाओ अन् तू भुसा डोयात गेला म्हणून रडत राहे. मळणीयंत्र आलं तवापासून तिच्यावर कोंबड्या बसतात. ने अन् ठेव तुह्या कॅमेऱ्याखाली. मी मजाक करून राह्यली, पण माय नाई. ते म्हणते का चार पायाची खाट डुगडुगते, तीन पायाची वस्तू कशाही जमिनीवर ठेव, डुगडुगत नाई.

हे म्हणजे तुहे भाऊजी, ते रागावले आहेत. त्यायचं म्हणणं का डोकं त्यायनं कापलं नाई, मायच मधात उठली. माय म्हणते का ते उठलीच नाई. एक वर्ष होत आलं, भांडण ताजं आहे.

उन्हात फिरू नको. घरी येजो. सगळ्यायची आठवण करणारी,
तुही ताई


सिंदी मेघे, वर्धा
१७ एप्रिल २०२५

ती. लीलाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी तिवई मी हसून सोडून दिली आणि शनिवारी नागपूरला गेलो. दुकानदार भला माणूस, त्याने सगळं लावून बघू दिलं. तीन हजारांच्या आत पाय आणि हेड मिळून एक संच होता. दिसायला देखणा, वजनाला काठीएवढा. कॅमेरा लावला, पेच आवळला, तर कॅमेरा हळूहळू मान खाली घालत गेला, गणिताचा तास सुरू झाल्यावर शाळेत मी घालायचो तसा. मधली दांडी वर ओढली तर पंख्याच्या वाऱ्याने सगळं थरथरलं. दुकानदार म्हणाला की खाली पिशवी लटकवली तर थरथर कमी होईल, पण मान पडते तिला इलाज नाही.

मग त्याने दुसरं नुसतं हेड हातात दिलं. धातूचं, मुठीएवढं, आत गोळा. एक पेच सैल केला की कॅमेरा हवा तिकडे वळतो आणि आवळला की जागचा हलत नाही. मी बोटाने दाबून पाहिलं, मग तळहाताने. ताई, मला ते फार आवडलं. रोज सकाळी मन जसं एका ठिकाणी बसावं म्हणून मी धडपडतो, तसं ते बसलं होतं. पण माझे पैसे त्या हेडलाच पुरणार होते. पाय कुठून आणायचे?

मी ते उलटं करून पाहिलं. बुडाला तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंची, बोल्टाचं भोक आहे. तीन सुती बोल्ट आपल्याकडे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तिथे उभ्या उभ्या मला मायचं बोलणं आठवलं आणि मी काही न घेता परत आलो.

आता विचारायला जड जातं ते विचारतो. तिवईच्या फळीला आरपार एक भोक पाडावं लागेल. त्या फळीवर बाबा उभे राहायचे. माय हो म्हणाली तर मी हेड घेईन. नाही म्हणाली तर तो देखणा संच आणतो. मग कॅमेऱ्याने मान टाकली आणि फोटो बिघडला तरी चालेल, मी तिला पुन्हा विचारणार नाही. तू माझ्या वतीने जोर करू नको. तिला सावकाश सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
अश्वजित


कवडापूर
२५ एप्रिल २०२५

चि. अश्वजितले,
जयभीम अन् आशीर्वाद.

तुह्यं पत्र वाचलं अन् माय उठून आत गेली. दोन दिवस कोठ्याकडं फिरकली नाई. मले वाटलं, झालं, तू आपला तो संच आण.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाहतो तं माय तिवई धुऊन राह्यली. कोंबड्यायची सारी घाण काढली, नारळाच्या काथ्यानं घासली अन् मले हात धरून दाखवलं. फळीवर दोन जागी लाकूड झिजलं आहे, बाबाच्या पायाचं. इतक्या वर्षांत मी कधी पाह्यलं नोतं. माय म्हणे का भोक पाडा, पण दोन पायाच्या मधात. त्याच्या पायाले लागलं नाई पाह्यजे.

मंग पुनाजी सुताराले बोलावलं. बिचारा घामानं भिजला. माय खाटेवर बसून त्याले डावीकडे घे, उजवीकडे घे करे. शेवटी त्यानं हात जोडले अन् म्हणाला का तानाबाई, तुम्हीच पाडा. भोक बरोबर मधात पडलं. मजबुती पाह्याले तुहे भाऊजी वर चढले. तिवई नाई हालली, पण त्यायले उतरता येईना. मी अन् पुनाजीनं उतरवलं. हे तू कोणाले सांगू नको, प्रेरणाले सांग.

टायमरची शिटी मले ऐकू येणार नाई, म्हणून मी फोटोत भलतीकडंच पाहात राह्यतो. त्याचं काही कर. लवकर येजो, हेड विसरू नको.
तुही वाट पाहणारी,
ताई


सिंदी मेघे, वर्धा
१५ मे २०२५

ती. लीलाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल रात्री सुखरूप पोचलो. रोशनी आज पुण्याला गेली. फोटोच्या प्रती सोबत आहेत. मोठी मायच्या खाटेसमोर लाव, तिला पडल्या पडल्या दिसेल अशी.

पौर्णिमेच्या त्या संध्याकाळचं तुला माहीत आहेच, पण मला ते पुन्हा लिहावंसं वाटतं. विहारासमोरची जमीन उतरती, तरी तिवई ठेवली आणि ती रुतून उभी राहिली. हेड आवळून मी कॅमेऱ्यावरचा हात काढला. त्यात चौकट दिसत होती: खुर्चीवर माय, मागे भाऊजी, प्रेरणा, रोशनी आणि तू, आणि तुझ्याशेजारी माझी रिकामी जागा. कॅमेऱ्यामागे मी नसलो तरी ती चौकट हलत नव्हती. मायने ओरडून सांगितलं की धावू नको, म्हणून मी चालत आलो. तुझा हात धरला आणि शिटी वाजली तसा दाबला.

बघ, पहिल्यांदाच तू सरळ समोर पाहते आहेस. भाऊजींनी मात्र श्वास इतका रोखलाय की गाल फुगले आहेत. मायने कॅमेऱ्यात पाहून आधी स्वतःचं डोकं तपासलं, मग माझं. मग म्हणाली की फोटो काढणारा याही वेळी फोटोत नाहीच. मला आधी समजलं नाही. तिने तिवईकडे बोट केलं. म्हणून दुसरी प्रत आहे ती रोशनीच्या मोबाइलवरची. त्यात माय तिवईच्या फळीवर हात ठेवून उभी आहे, आणि आजवर कुठल्याच फोटोत न आलेलं हसू तिच्या तोंडावर आहे.

निघताना तू विचारलंस की हेड नीट बांधून घेतलं का, आणि मी मान हलवली. ती मान खोटी होती. नागपूरहून आणताना मी ठरवलं होतं की हेड काढून परत न्यायचं आणि पुढेमागे पैसे जमले की त्याला चांगले पाय घ्यायचे. काल दुपारी पाना घेऊन कोठ्यात गेलोही. बोल्टाला पाना लावला आणि काढायच्या ऐवजी बोल्ट आणखी अर्धा फेरा आवळला. हेड तिवईवरच आहे. कोंबड्या बसू नयेत म्हणून वरून मायच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलंय. आता फोटो काढायचा तर मलाच कॅमेरा घेऊन गावी यावं लागेल.

तुझा आणि मायचा,
अश्वजित