कल्पनाच्या मंगळागौरीचं रेकॉर्डिंग

रविवार, ३ ऑगस्ट
कल्पनाच्या ग्रुपचे मंगळागौरीचे खेळ मराठी चॅनलवर येणार! सतरा तारखेला, रविवारी, दुपारी तीन वाजता. एकदाच दाखवणार, नेटवर टाकणार नाहीत. शूटिंग गेल्या महिन्यात झालं तेव्हा मी टूरवर होतो. (टाळता आली असती असं कल्पना म्हणते. तिला दिल्लीतलं मंत्रालय कळत नाही.) आणि नेमकं सतरालाच ग्रुपला पानिपतच्या मराठी मंडळींनी खेळ करायला बोलावलंय. मराठी माणसाने पानिपतला जाताना दोनदा विचार करावा, असं मी म्हटलं. कुणी हसलं नाही.
थोडक्यात, बायको पहिल्यांदा टीव्हीवर येणार आणि तिलाच ते दिसणार नाही.
संकल्प: कार्यक्रम कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणार. मी. एकट्याने.

सोमवार, ४ ऑगस्ट
मैत्रेयीचा फोन. कन्या मुनिरकाला खोली घेऊन एमए करते, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरला तिच्या मते वाय-फाय नाही. म्हणाली, बाबा, टेन्शन मत लो, मी येऊन लावून देते, पाच मिनिटांचं काम आहे यार. तिला सांगितलं की आमच्या सेक्शनमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं प्लास्टिकचं कव्हर काढणारा पहिला माणूस मी. ती म्हणाली, कव्हर? हल्लीच्या मुलांना इतिहास माहीत नसतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
लॅपटॉपवर चॅनलचं ॲप घेतलं. स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअरही घेतलं. रेकॉर्ड होतं, पण चित्र पूर्ण काळं. ॲपवाल्यांनी मुद्दामच तसं करून ठेवलंय म्हणे. सगळ्यांना चोर समजतात! कडक मेल पाठवली. दोन मिनिटांत उत्तर: आपका फीडबॅक हमारे लिए महत्वपूर्ण है. वैताग.

रविवार, १० ऑगस्ट
नेहरू प्लेसला जाऊन एक डबी आणली. सेट-टॉप बॉक्सची वायर तिच्यात, तिची वायर लॅपटॉपमध्ये, की झालं. दुकानदार म्हणाला, सरजी, एक बार चला के दिखा दूँ? मी म्हटलं, बिल्कुल ज़रूरत नहीं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. जाणकार गिऱ्हाईक रोज कुठे येतं त्याच्याकडे.

मंगळवार, १२ ऑगस्ट
डबी जोडताना टीव्ही गेला. टीव्ही आला तर आवाज गेला. सोफ्यामागे वाकून कंबर गेली. शेवटी सगळं परत आलं, कंबर सोडून.
मग सॉफ्टवेअरने विचारलं, चित्र कुठून घेऊ? खाली दोन नावं, दोन्ही इंग्रजी अक्षरा-आकड्यांची. मी पहिलं निवडलं. पंचवीस वर्षं सरकारात आहे, यादीत ज्याचं नाव वर तो सीनिअर, एवढं कळतं. बाजूला चित्र दिसण्याची एक छोटी खिडकी येत होती. तिच्यामुळे लॅपटॉपवर लोड येतो, म्हणून बंद केली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
सुट्टी. सकाळी भाषण ऐकलं, मग ट्रायल घेतली. लाल ठिपका लागला, मिनिटं सरकली, फाइल तयार झाली. कल्पना म्हणाली, अहो, उघडून बघा तरी. तिला समजावलं की ट्रायल झाली की रिपोर्ट लिहायचा असतो. लिहिला: 'समाधानकारक.' मैत्रेयीने पुन्हा येऊ का विचारलं. तिला रिपोर्ट पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला, तोही उलटा.

रविवार, १७ ऑगस्ट, दुपार
कल्पना सकाळीच नऊवारी सावरत मिनीबसने गेली. दारात म्हणाली, मशीन काय करायचं ते करू दे, तुम्ही मात्र स्वतः बघा हं. लॅपटॉपसमोरून हलणार नाही असं वचन दिलं.
राजमा-चावल खाल्ले. लॅपटॉप टीपॉयवर, मी सोफ्यावर, टीव्ही समोर. लाल ठिपका लागला. निवेदिका आली. सर्व काही नियंत्रणात.

तोच दिवस, संध्याकाळ
रेकॉर्डिंग पूर्ण! ठिपका शेवटपर्यंत होता.
कल्पनाचा पानिपतहून फोन. बघितलंत का? म्हटलं, पापणीसुद्धा लवली नाही. सगळ्यात काय आवडलं? म्हटलं, फुगडी. मंगळागौरीत फुगडी असतेच. ती जरा थांबली आणि म्हणाली, अच्छा. नेटवर्क खराब असावं.

सोमवार, १८ ऑगस्ट
ऑफिसातून लवकर आलो. ग्रुपच्या सगळ्याजणींना बोलावलं होतं. पद्मजाताई पुढच्या खुर्चीत. कल्पनाची फुगडीतली जोडीदार. मैत्रेयीही आली. लॅपटॉप टीव्हीला जोडला, अडचणींवर कशी मात केली ते थोडक्यात सांगितलं (मैत्रेयीच्या मते थोडक्यात नव्हे), आणि बटण दाबलं.
टीव्हीवर मी.
अख्ख्या पडद्यावर माझं तोंड, बनियनसकट. मैत्रेयी म्हणाली, बाबा, तुम्ही लॅपटॉपचा कॅमेरा रेकॉर्ड केलाय. मी म्हटलं, पुढे येईल. पुढे मी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या डब्यातला लाडू खाल्ला. मग दुसरा. मग मान एका बाजूला पडली आणि तोंड उघडं राहिलं. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. पद्मजाताई तर लपवतही नव्हत्या.
आवाज मात्र स्वच्छ आला होता, हे नमूद करतो. मागे झिम्मा चालू, फुगडी चालू, पुढे माझं घोरणं. बंद करायला उठलो तर कल्पनाने हात धरून बसवलं. तेवढ्यात निवेदिका म्हणाली, आता कल्पनाताईंचा उखाणा. आणि कल्पनाचा आवाज आला, जरा घाबरलेला:

सातारा सोडून दिल्लीत मांडला संसार,
हरीशरावांचं लक्ष असता कशाला वाटेल भार?

पडद्यावर हरीशरावांनी कूस बदलली.
या वेळी कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.
सगळ्या गेल्यावर जेवताना कल्पनाला म्हटलं, उखाणा छान होता. आमटी वाढत ती म्हणाली, बरं झालं रेकॉर्ड केलंत, नाहीतर तुम्ही ऐकलाच नसता.