आरशात बोलके झालेले बाबा

९ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

ताईचा आशीर्वाद. घ्यायचा की नाही, तुझी मर्जी. फोन तू उचलत नाहीस, मेसेज न वाचताच पुसत असशील, म्हणून हे पाकीट. चिकटवलेलं पाकीट फोडल्याशिवाय तुला लहानपणापासून राहवत नाही.

इकडे ठीक. पार्लर बरं चाललंय. तुझ्या भावोजींनी नव्या फ्लॅटला पडदे लावले, तेही वाकडे. सोफा मोठ्या खिडकीला पाठ करून ठेवला होता आणि समोर बाबांची खुर्ची, त्यांना उजेड मिळावा म्हणून.

बाबा बरे आहेत, असं लिहिणार होते. बरे नाहीत. इथे राहायला आल्यापासून फार चिडके झालेत. "माझ्यामागे काय कुजबुजता?" म्हणून भावोजींवर ओरडले, बिचारे दुधाचं विचारत होते. जेवायलाही एकटेच बसायचे. विचारलेल्याचं उत्तर द्यायचे नाहीत, नाहीतर भलतंच द्यायचे. म्हातारपण डोक्यात गेलंय, असं आम्ही ठरवूनच टाकलं. खरं सांगू? मीही त्यांच्यासमोर जाणं टाळायला लागले. एकानं तोंड फिरवलं की दुसरा फिरवतोच.

तू आला होतास त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. खिडकीला पाठ करून तू सोफ्यावर बसलास, ती जंगलासारखी दाढी घेऊन, आणि म्हणालास, "बाबा, मी लग्न करतोय. तुम्ही हवे आहात मला तिथे." बाबांनी वर पाहिलं आणि पेपरचं पान उलटलं. सकाळी तू चहासुद्धा न घेता गेलास. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आता ऐक. परवा बाबांना केस कापायला पार्लरमध्ये घेऊन आले. तिथे आरशाभोवती इतके दिवे आहेत की कुणाच्या तोंडावरचा तीळही सुटत नाही. खुर्चीत बसले आणि काय सांगू, बाबा खुलले! शेजारी शिक्षिकाबाई केस रंगवून घेत होत्या, त्यांची आरशातूनच फिरकी घेतली. "परीक्षेत कॉपी पकडता आणि स्वतः वय चोरता?" बाई हसून हसून लाल. मला म्हणाल्या, "किती गोड आहेत हो तुमचे वडील!" मनात म्हटलं, न्या की दोन दिवस घरी.

मग मानेवरचे केस कापायला मी त्यांच्यामागे खाली वाकले आणि तिथूनच विचारलं, "बाबा, पाणी हवं?" उत्तर नाही. जरा मोठ्यानं विचारलं. तरी नाही. उभी राहिले आणि आरशात बघून तेच विचारलं, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून.

"पाणी नको गं, चहा सांग," म्हणाले.

मी कात्री खाली ठेवली.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"न यायला काय झालं? हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." मग सहज म्हणाले, "मागावर तरी कुणाला ऐकू यायचं? तो खटखटाट! ओठ बघायचे की समजायचं."

तू त्यांचा डबा घेऊन मागाच्या शेडमध्ये जायचास, तुला आठवेल. सगळे विणकर लांबून नुसत्या तोंडानं बोलायचे आणि हसायचे. बाबा घरीही तेच करत आलेत आणि त्यांना स्वतःलाच पत्ता नाही. जुन्या घरी जेवताना आपण त्यांच्याकडे तोंड करून बसायचो, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर. इथे समोरचा माणूस म्हणजे नुसती काळी आकृती. त्यात तुझी दाढी. तुला ओठ आहेत हे मलासुद्धा शोधावं लागतं.

त्यांनी तुला झिडकारलं नव्हतं रे. तू काही बोललास, हेच त्यांना कळलं नव्हतं.

सोफा आम्ही त्याच दिवशी फिरवला. जेवायला बाबा आमच्यात बसले आणि पडद्यांवरून भावोजींना असं काही बोलले की भावोजींना ठसका लागला. कानाच्या डॉक्टरांकडेही नेणार आहे. त्यावरून कुरकुर चालू आहे.

आता, ज्यासाठी मी मघापासून इकडचं तिकडचं लिहितेय ते. पार्लरमध्ये मला राहवलं नाही. आरशात बघून विचारलं, "बाबा, ढब्बूच्या लग्नाचं तुमच्या मनात काय आहे?"

बाबा एकदम वळले. "लग्न? ठरलं त्याचं?" तोंडभर हसले. मग ते हसू हळूहळू उतरलं. अंगावरच्या कपड्यावर पडलेले केस बोटांनी गोळा करत म्हणाले, "मला का नाही सांगितलं त्यानं?"

ढब्बू, तो सांगून गेला म्हटलं असतं, तर या माणसानं उरलेला जन्म ती एक संध्याकाळ आठवत काढला असता. मी म्हटलं, "तो स्वतः येऊन सांगणार आहे. मीच घाईनं बोलून गेले."

तुझ्या वतीनं शब्द देऊन बसलेय. तिलाही घेऊन ये. आणि सांगशील तेव्हा पहिल्यांदाच सांगतोयस असं सांग. त्यांच्यासाठी ते पहिलंच असणार आहे.

बेल आपल्याला ऐकू येत नाही, हे बाबांनी अजून कबूल केलेलं नाही. पण परवापासून दार उघडं ठेवून त्याच्यासमोर बसतात. वारा हवा म्हणून, म्हणे.

तुझी,
ताई