बहीण नव्हे, गिऱ्हाईक

तोंग्योंग, कोरिया, १२ नोव्हेंबर १९९६

चि. मालसुन हिस,
अ. उ. आ. बोट वेळेवर लागली, धडधाकट घरी पोचले. खुशाली एवढीच, बाकी नुसता संताप.

अकरा वर्षांनी समुद्र ओलांडून मी तुझ्या जपानच्या सासरी आले. तुमच्या त्या सहा खोल्यांच्या लाकडी अतिथिगृहात मला काय म्हणून ठेवलंस? दारात गुडघे टेकून वाकलीस, माझ्या चपला उचलल्यास, पुढ्यात माशाचं ताट ठेवून स्वयंपाकघरात पळालीस. शेजारच्या खोलीतल्या बाईने मी कोण म्हणून विचारलं, तर कोरियाचं गिऱ्हाईक म्हणालीस! तेवढं जपानी मला कळतं गं. आणि तोशिओराव म्हणे कामासाठी परगावी. मेहुणी पहिल्यांदा येते आणि हे परगावी!

निघताना तुझ्या सासूला चेटकीण म्हणाले, माझ्या बहिणीची मोलकरीण केलीस म्हणाले. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. सामान बांध आणि घरी ये.

रागावलेली तुझी,
बोकहीताई


२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र चुलीत घालणार होते, पण उत्तर दिल्याशिवाय चैन पडेना.

आपल्या भाषेत शिव्या दिल्यास म्हणून सुटलीस असं वाटलं? आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाराव्या वर्षापर्यंत आपल्याकडे बुसानमध्ये वाढल्या. त्यांना शब्दन् शब्द कळला.

तोशिओ कामाला नाही, दुसऱ्या बाईकडे गेलाय. वर्ष झालं. मध्ये एकदा परत आला, तर आईंनीच त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं. हे घर आता सुनेचं, म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तुझ्या शेजारच्या खोलीतली बाई आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. तुला बहीण म्हटलं असतं तर तिने तोशिओचा विषय काढलाच असता, आणि तू मला दंडाला धरून बोटीवर चढवलं असतंस.

मी मोलकरीण नाही, मालकीण आहे. येणार नाही. पुन्हा सामान बांध म्हणू नकोस.

लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू ठरव.
मालसुन


६ डिसेंबर

श्रीमती विहीणबाई हारुए यांस,
नमस्कार वि. वि. हे पत्र मालसुनकडूनच वाचून घ्या. तिच्याही कानांवर जाऊ दे.

चेटकीण म्हणाले ते मागे घेते. पोटच्या मुलाला तुम्ही नुसतं उंबऱ्याबाहेर ठेवलंत. मी असते तर बंदरात ढकलला असता. मालसुनला न्यायला मी येणार नाही. मालकीण आहे, तर नीट मालकी करू दे.

पण राग गेलेला नाही. आमची आई लवकर गेली. गुडघा खरचटला तरी ही पोर माझ्याकडे धावत यायची. आणि नवरा सोडून गेला तर रडली तुमच्या मांडीवर, माझ्यापुढे तीन दिवस नुसती हसत राहिली. हा राग कुणावर काढू, तेही समजत नाही.

तिला सांगा, थोडा लोभ माझ्यासाठीही शिल्लक ठेव.
बोकही