माळ्यानं तिला का सोडलं?

रविवार, २ फेब्रुवारी
डोकं भणभणतंय. दुपारी खोलीतल्या वैष्णवीच्या मोबाईलवर भुताचा सिनेमा पाहिला. भूत कसलं, एका बंगल्याचा माळी! कोयत्यानं चार जणांना संपवतो. पाचवी मुलगी पाण्याच्या टाकीत लपते. तो झाकण उचलतो, तिच्याकडे बघतो, आणि हळूच हात देऊन तिला बाहेर काढतो. आत नेऊन चहा करून देतो. ती चहा पिते, फाटकातून निघून जाते. संपला सिनेमा. का सोडलं तिला? कुणी काही सांगतच नाही.

वैष्णवी म्हणाली, "दमला असंल की." दमलेला माणूस स्वतःसाठी चहा करतो, दुसऱ्याला कशाला देईल?

सोमवार, ३ फेब्रुवारी
चिंचोळीच्या कारखान्यात जाताना कंपनीच्या बसमध्ये तेच डोक्यात. टॉवेल तपासताना सुटलेले धागे दिसलेच नाहीत. सुपरवायझरची बोलणी खाल्ली — माळ्यापायी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
शेवटची वीस मिनिटं पुन्हा पाहिली. ती मुलगी त्याच्या बहिणीसारखी दिसत असेल, असं मनात धरून बसले होते. पण त्याला बहीण असल्याचं कुठंच दाखवलेलं नाही. चहात काही घातलं म्हणावं, तर पोरगी ठणठणीत चालत जाते. चिडचिड होतेय नुसती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आप्पांचा फोन. तीन वर्षांनी!

"जेवलीस का?" म्हणाले. मग दोन शेळ्या व्याल्याचं सांगितलं. मग, "थंडी लई हाय, अंगावर घेत जा." मला नुसतं हूं हूं करता आलं.

आमच्यात बहिणीच्या पोराला लेक द्यायची, हे लेकीला न विचारताच ठरलेलं असतं. आत्याच्या पोराशी, बिरुदेवाशी, लग्न करणार नाही म्हटलं, तेव्हा हेच आप्पा म्हणाले होते, "मला लेक न्हाय." त्या दिवसापासून माझा फोन घेतला नाही त्यांनी. आज जिन्यात बसून रडले. आनंदानं — बहुतेक.

शनिवार, ८ फेब्रुवारी
आप्पांनी एसटीनं शेंगा आणि तूप पाठवलं. वैष्णवी शेंगा फोडत म्हणाली, "बदलतंय की माणूस. कारण कशाला शोधतीस?"

मी म्हटलं, मान्य. पण काहीतरी घडल्याशिवाय बदलतो का?

"सिनेमाचं बोलतीस का बापाचं?"

मी टरफलं गोळा करायला लागले.

सोमवार, १० फेब्रुवारी
आईला फोन करून विचारलं, आप्पा असे एकदम कसे निवळले? "तुला गोड लागंना व्हय? ये की गावाकडं," म्हणाली आणि फोन ठेवला. आई कधी आधी फोन ठेवत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
रजा टाकली. जाते.

इतके दिवस मी त्या पोरीला बावळट म्हणत होते. कोयतेवाल्याच्या हातचा चहा कुणी पितं का! पण ती टाकीत गारठली होती. तिला चहा हवा होता, एवढंच असेल. मलाही घरी जायचंय. आप्पांच्या शेजारी बसून जेवायचंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी, गावी
आप्पा फाट्यावर घ्यायला आले होते. बॅग मला उचलू दिली नाही. घरात आत्या येऊन बसलेली.

आईनं चुलीपुढं ओढून कानात सांगितलं, "मीच सांगितलं त्यास्नी, दिपाली बिरुदेवाला तयार हाय म्हणून. तुज्याबिगर घास उतरंना त्यांचा, पर हट्टबी सोडंनात. आता न्हाय म्हणू नगं बाई."

न्हाणीत बसून लिहितेय. बाहेर आप्पा जेवायला हाक मारतायत, "दिपू, ये गं." ही हाक हो म्हणालेल्या मुलीला आहे. मी अजून ओ दिलेली नाही.